ट्रेड करा, पण कुणाला कुठं खेळवणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्या सांगलीच्या घरी मी शाळेत होते तेव्हापासून येतो, आणि आता बाबा त्यातलं मला आवडेल असं वाटलेलं काहीही असलं की फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. मागं त्यांनी वाचकांच्या पत्रांचं पान पाठवलं होतं. जडेजा चेन्नई सोडून राजस्थानला गेला आणि संजू सॅमसन चेन्नईला आला त्यावर दोन-तीन जणांनी लिहिलं होतं, सगळ्यांचा सूर एकच, की हा माणसांचा बाजार आहे, खेळाडू म्हणजे काय वांगी-बटाटे आहेत का आज या पाटीत उद्या त्या पाटीत. एकांनी २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली होती त्याचीही आठवण काढली होती. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात हे पत्र घोळतंय, कारण मी राहते तिथं, अमेरिकेत, बेसबॉलमध्ये हा बाजार दर वर्षी भर सीझनमध्ये भरतो, मॅच चालू असताना खेळाडूला डगआउटमधून बोलावून मिठ्या मारून निरोप देतात, आणि बावीस वर्षं हे बघून माझं मत त्या पत्रलेखकांपेक्षा वेगळं झालंय. ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, मला राग नाही. काही ट्रेडनी मला आयुष्यातले सगळ्यात मोठे आनंद दिलेत. राग येतो तो कुणाला कुठं खेळवायचं हे न ठरवता केलेल्या ट्रेडचा, आणि २०२५ मध्ये आमच्या टीमनं तसाच एक केला.

माझी टीम म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स. २००३ साली लग्न होऊन मॅसॅच्युसेट्सला आले तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी एक आजी राहायच्या, त्या रेडिओवर मॅच लावून बागेत काम करायच्या, मी नोकरी नसल्यामुळं दिवसभर घरीच, तर कुंपणापाशी उभी राहून त्यांना विचारायची की आता काय झालं, आणि त्या हातातलं खुरपं खाली ठेवून मला समजावून सांगायच्या. त्या आता नाहीत. पण १९१८ नंतर आपण एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकलेलो नाही हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि बेब रूथ या महान खेळाडूला १ लाख डॉलरला न्यूयॉर्क यांकीजना विकल्याची गोष्ट तर अशी सांगितली होती की जणू मागच्याच वर्षी झालीय. ती १९१९ च्या डिसेंबरातली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मार्चच्या शेवटी सीझन सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, म्हणजे जवळजवळ रोज मॅच. एका वेळी टीममध्ये २६ खेळाडू, सप्टेंबर लागला की २८, त्यामागं ४० जणांची मोठी यादी, त्यातले उरलेले मायनर लीगमध्ये खेळत असतात, आमची सगळ्यात वरची मायनर लीग टीम वूस्टरला आहे आणि आम्ही राहतो शेजारच्याच श्रूझबरीला, त्यामुळं कोण वर गेला आणि कोण खाली आला हे आम्हाला डोळ्यासमोर दिसतं. एक माणूस आत घ्यायचा तर एक बाहेर काढावाच लागतो, यातून सुटका नाही. नवीन पोरांना काही वर्षं असं वर-खाली करता येतं, ती मुदत संपली की मग त्याला खाली पाठवायच्या आधी बाकीच्या टीमना घ्यायची संधी द्यावी लागते. आणि ट्रेडला जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मुभा. २०२५ मध्ये ३१ जुलैला संध्याकाळी सहाला दार बंद झालं. यात खेळाडूला विचारायचं बंधन टीमवर नसतं. मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच टीममध्ये काढली असतील तर तो नाही म्हणू शकतो, किंवा करारातच तसं लिहून घेतलं असेल तर. बाकीच्यांनी बॅग भरायची.

आता १५ जून २०२५. रविवार होता, इकडचा फादर्स डे, म्हणून आम्ही तिघं फेनवे पार्कला, आमच्या टीमच्या मैदानावर, गेलो होतो. समोर यांकीज. आधीच्या दोन मॅच जिंकलेल्या, ही पण जिंकलो, २-०. आमच्या ब्रायन बेयोनं नऊपैकी सात इनिंग बॉल टाकून एकही रन दिला नाही आणि पाचव्या इनिंगला राफाएल डेव्हर्सनं होमरन मारला, म्हणजे आपल्याकडच्या सिक्सरसारखा बॉल थेट प्रेक्षकांत. माझ्या मुलाच्या अंगात त्याचाच ११ नंबरचा शर्ट. यांकीजचा तीन मॅचमध्ये सुपडा साफ, आख्खं स्टेडियम गात होतं, गाडीत बसेपर्यंत आमचा आवाज बसला होता. घरी येऊन मी कुकर लावला, दोन शिट्ट्या झाल्या असतील, आणि मुलगा वरून फोन घेऊन खाली आला, आई डेव्हर्सला ट्रेड केला. मला वाटलं कुणीतरी खोटं टाकलंय. तीन तासांपूर्वी ज्यानं होमरन मारला त्याला कोण ट्रेड करेल. पण खरं होतं, टीम सिॲटलला निघाली होती आणि हा मात्र सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा झाला होता.

हा साधा खेळाडू नव्हे हो. डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळा वर्षांचा असताना टीमनं उचललेला, २०१७ ला वर आला, त्या वर्षी ऑगस्टमध्ये यांकीजच्या मैदानावर नवव्या इनिंगला आरोल्डिस चॅपमनचा ताशी १६५ किलोमीटरचा बॉल यानं उलट्या बाजूला प्रेक्षकांत टाकला तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता. २०१८ च्या विजेत्या टीममध्ये होता. २०२३ च्या जानेवारीत त्याला १० वर्षांसाठी ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार दिला, टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. तो करार दिला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, हा तरी आता इथंच म्हातारा होणार.

मग बिघडलं कुठं? इथं मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण बॉस्टनमध्ये अर्धे लोक म्हणतात डेव्हर्स हट्टी होता आणि अर्धे म्हणतात मालक कंजूस आहेत, आणि माझ्या मते दोघांच्या मधे जी गोष्ट आहे तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. बेसबॉलमध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस पळत पार करून बॅटर घरी परत आला की एक रन होतो, आणि प्रत्येक बेसपाशी फिल्डिंगचा एक माणूस असतो. डेव्हर्स थर्ड बेसवर खेळायचा. फिल्डिंग बरी नव्हती, हे मी त्याची चाहती असून मान्य करते, सोपे बॉल सुटायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत टीमनं अॅलेक्स ब्रेगमनला ३ वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर घेतलं, तो पण थर्ड बेसवाला, आणि आदल्याच वर्षी त्या जागेचा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डरचं बक्षीस, मिळवलेला. म्हणजे एका जागेला दोन माणसं. डेव्हर्स आधी म्हणाला थर्ड बेस माझी जागा आहे. मग मॅनेजर अॅलेक्स कोरा आणि बाकीच्यांशी बोलून तो डीएच व्हायला तयार झाला, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, जो फक्त बॅटिंग करतो आणि फिल्डिंगला उतरतच नाही. सुरुवातीला त्याला हिटच मिळेना, सगळे बोंबलले, पण सावरला, आणि ट्रेडच्या दिवसापर्यंत ७३ मॅचमध्ये १५ होमरन आणि ५८ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळं आलेले ५८ रन, अशी त्याची कमाई होती.

मे महिन्याच्या २ तारखेला फर्स्ट बेसचा ट्रिस्टन कासास गुडघ्यापाशी जखमी झाला, सीझन संपला त्याचा. आणि मागं दुसरा फर्स्ट बेसवालाच नाही! १६२ मॅचच्या सीझनला २६ माणसं घेऊन निघालात आणि एका जागेला राखीव माणूस नाही, ही चूक कुणाची? रोस्टर, म्हणजे टीमची यादी, बनवणाऱ्याची. तर मग ते डेव्हर्सकडं गेले, की आता तू फर्स्ट बेस शिक. तो म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी मला ग्लोव्ह ठेवून दे म्हणालात, आता नवीन जागेवर जा म्हणता, नाही जाणार. मालक जॉन हेन्री स्वतः विमानानं कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. तिथं काय ठरलं ते दोघांनाच माहीत, पण तो फर्स्ट बेसला गेला नाही हे खरं. त्यानं जायला हवं होतं का? हो, मला वाटतं जायला हवं होतं. टीम अडचणीत आहे, तुला दर वर्षी तीन कोटी डॉलर मिळतात, एक महिना प्रॅक्टिस कर. मी त्याच्या बाजूनं आंधळी नाही. पण ज्या माणसाला तुम्ही फेब्रुवारीत एक सांगता, मार्चमध्ये दुसरं, मे महिन्यात तिसरं, तो चौथ्यांदा तुमचं ऐकेलच असं धरून टीम बांधायची नसते.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगते, २३ मे ला ब्रेगमन मांडीला दुखापत होऊन बसला तो थेट जुलैत परत आला. म्हणजे डेव्हर्सला ट्रेड केला त्या दिवशी फर्स्ट बेसचा माणूस जखमी, थर्ड बेसचा माणूस जखमी, आणि दोन्हीपैकी कुठंतरी उभा राहू शकेल असा टीममधला सगळ्यात भारी बॅटर सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेवर.

याच गोंधळात एका पोराचं काय झालं ते मी वूस्टरला बघितलं म्हणून लिहिते, क्रिस्टियन कॅम्पबेल. बावीस वर्षांचा, सेकंड बेसवर सुरुवात केली, पहिल्या महिन्यात लीगमधला सर्वोत्तम नवखा ठरला, ८ वर्षांचा ६ कोटी डॉलरचा करार हातात पडला. कासास पडल्यावर डेव्हर्स नाही म्हणाला म्हणून या पोराला मॅचच्या आधी फर्स्ट बेसची प्रॅक्टिस करायला लावली. त्याच दिवसांत त्याची बॅटिंग ढासळली. एकामुळंच दुसरं झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पिचर लोक, म्हणजे आपल्याकडचे बॉलर, पण नवख्याला लवकर ओळखतात, पण मेजर लीगचे पिचर पहिल्यांदा खेळायला शिकत असलेल्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला? जूनमध्ये त्याला खाली पाठवलं. वूस्टरच्या मैदानावर, पोलर पार्कला, आम्ही पाचव्या रांगेत बसलो होतो, तो आउट होऊन परत येताना खाली मान घालून चालत होता, माझा मुलगा जोरात ओरडला, कॅम्पबेल, यू आर गुड. त्यानं वर बघितलं आणि टोपीला हात लावला. मला त्या पोराचं फार वाटतं.

बरं, डेव्हर्सच्या बदल्यात काय आलं. जॉर्डन हिक्स हा जोरात टाकणारा पिचर, त्यानं आमच्याकडं येऊन भरपूर मार खाल्ला. काइल हॅरिसन हा तरुण डावखुरा पिचर, त्याला आल्याआल्या वूस्टरला पाठवला. जेम्स टिब्स हा २०२४ च्या पहिल्या फेरीत निवडलेला आउटफिल्डर, आणि होसे बेयो हा अगदी कोवळा पिचर. चौघांतला एकही त्या दिवशी फर्स्ट बेसला उभा राहणारा नव्हता. टिब्सला तर दीड महिन्यात, ३१ जुलैला, आणखी एका पोरासकट लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकला आणि डस्टिन मे हा पिचर घेतला, तो सप्टेंबरमध्ये कोपर दुखतं म्हणून जखमींच्या यादीत, प्लेऑफला नाहीच. डेव्हर्सचे राहिलेले २५ कोटींच्या वर डॉलर जायंट्सनी उचलले, म्हणजे आमच्या ऑफिसच्या हाती मोकळा पैसा होता आणि पुढं साडेसहा आठवडे होते. त्या पैशातून डेडलाइनला नाव घेण्यासारखे दोनच जण आले, हा डस्टिन मे आणि सेंट लुईसचा डावखुरा स्टीव्हन मॅट्झ, दोघेही पिचर. मॅट्झनं चांगलं काम केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण बॅटर? फर्स्ट बेस? त्याची सोय झाली १८ ऑगस्टला, तेव्हा वॉशिंग्टननं काढून टाकलेला नॅथॅनिएल लो घेतला आणि अब्राहम टोरोला यादीतून काढलं. मे महिन्याच्या २ तारखेला पडलेलं भोक ऑगस्टच्या १८ ला बुजवलं.

दुसरी बाजू पण लिहायला हवी नाहीतर मी खोटी ठरेन. क्रेग ब्रेस्लो, जो हे सगळं ठरवतो, तो स्वतः पिचर होता, २०१३ च्या आमच्या विजेत्या टीममध्ये होता, खेळ त्याला माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त कळतो. ट्रेडच्या दिवशी आम्ही ३७ जिंकलो होतो आणि ३६ हरलो होतो. त्यानंतर ५२ जिंकलो आणि ३७ हरलो. जुलैमध्ये सलग १० मॅच जिंकल्या. शेवटी ८९ विजय आणि प्लेऑफ, २०२१ नंतर पहिल्यांदा. जायंट्स मात्र ८१ जिंकून ८१ हरून घरी बसले. माझा नवरा हेच आकडे तोंडावर मारतो. तो म्हणतो ड्रेसिंग रूममधली कटकट गेली, रोमन अँथनीसारख्या पोरांना जागा मिळाली, आणि अँथनीचं खरंच आहे, २१ वर्षांचा पोरगा ९ जूनला वर आला आणि असा खेळला की ऑगस्टमध्ये ८ वर्षांचा १३ कोटींचा करार झाला. मी नवऱ्याला एवढंच म्हणते की प्लेऑफ बघ. सप्टेंबरच्या सुरुवातीला अँथनीच्या बरगडीपाशीचा स्नायू दुखावला, तो गेला. यांकी स्टेडियमवर तीन मॅचची सिरीज. पहिली गॅरेट क्रोशेनं एकहाती जिंकून दिली, ३-१. दुसरी ३-४ हरलो. तिसरी ०-४. तीन मॅचमध्ये मिळून सहा रन. आणि तिसऱ्या मॅचला आमचे १२ बॅटर स्ट्राइकआउट करणारा यांकीजचा कॅम श्लिटलर हा पोरगा वाढलाय कुठं, तर वॉलपोलला, इथंच मॅसॅच्युसेट्समध्ये. त्या रात्री आठव्या इनिंगला मला सारखं वाटत होतं की आता बॅटिंगला डेव्हर्स यायला हवा होता. त्यानं वर्षाच्या शेवटी दोन्ही टीमचे मिळून ३५ होमरन आणि १०९ आरबीआय केले, १६३ मॅच खेळून, टीम बदलल्यामुळं १६२ च्या सीझनमध्ये एक मॅच जास्तच खेळला!

आता मी ज्या आनंदाच्या ट्रेडबद्दल म्हणाले तो. ३१ जुलै २००४. नोमार गार्सियापारा आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर, बॉस्टनचा लाडका, १९९९ आणि २००० अशी दोन वर्षं लीगमधलं सगळ्यात जास्त बॅटिंग ॲव्हरेज त्याचं. तेव्हा आमचे ट्रेड ठरवणाऱ्या तीस वर्षांच्या थिओ एप्स्टाइननं चार टीमच्या ट्रेडमध्ये त्याला शिकागो कब्स या टीमला देऊन टाकला. शेजारच्या आजी त्या दिवशी रेडिओ बंद करून आत गेल्या. बदल्यात आले ऑर्लँडो कॅब्रेरा आणि डग मिएंटकिएविच, दोघंही बॅटिंगमध्ये नोमारच्या जवळपास नाहीत, पण एप्स्टाइननं उघड सांगितलं होतं की आपली फिल्डिंग गळकी आहे आणि ती मला बुजवायचीय. कॅब्रेरा शॉर्टस्टॉपला, मिएंटकिएविच फर्स्ट बेसला. आणि त्याच दिवशी अजून एक छोटा ट्रेड केला ज्याची कुणी बातमी पण धड छापली नाही, डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स. हा कशाला? तर पळायला. बेस चोरायला, म्हणजे पिचर बॅटरकडं बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसवर धाव मारायला.

ऑक्टोबरमध्ये यांकीजनी आम्हाला सलग तीन मॅचमध्ये हरवलं. चौथी मॅच, फेनवे, १७ ऑक्टोबर, नववी इनिंग, ३-४ नं मागं, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. आमच्या केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे चार बॉल बाहेर पडल्यामुळं फुकटात फर्स्ट बेस, मिळाला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. सगळ्या जगाला माहीत होतं की हा सेकंड बेस चोरणार. रिव्हेरानं तीनदा फर्स्ट बेसला बॉल फेकून त्याला अडवलं. चौथ्यांदा बॅटरकडं टाकला आणि हा सुटला, सेफ! बिल म्युलरच्या हिटवर घरी आला, बरोबरी. बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होमरन. रात्री एक वाजून गेला होता, मी आणि आजी त्यांच्या सोफ्यावर, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले. पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या, ०-३ वरून परत येणारी बेसबॉलमधली ती एकमेव टीम, आणि मग सेंट लुईसला हरवून वर्ल्ड सिरीज, ८६ वर्षांनी गंगेत घोडं न्हालं. शेवटचा आउट कुणाच्या ग्लोव्हमध्ये पडला? फर्स्ट बेसवर उभ्या मिएंटकिएविचच्या. रॉबर्ट्स रेग्युलर सीझनला आमच्याकडून फक्त ४५ मॅच खेळला, पण बॉस्टनमध्ये आजही त्याला कुणी जेवणाचं बिल भरू देणार नाही.

२०१८ चं पण तसंच. जूनमध्ये टोरांटोकडून स्टीव्ह पिअर्स आणला, डावखुरा पिचर समोर असला की फर्स्ट बेसला हा खेळणार, एवढं साधं काम, तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला. जुलैमध्ये टँपाकडून नेथन इओवाल्डी, ज्यानं १८ इनिंग चाललेल्या तिसऱ्या मॅचला मागून येऊन सहा इनिंग टाकल्या, ती मॅच हरलो तरी ड्रेसिंग रूममध्ये सगळी टीम त्याच्यासाठी रडली. या माणसांची नावं आधी कुणाच्या शर्टावर नव्हती. पण ते आले त्या दिवशी त्यांना माहीत होतं की आपण इथं कशासाठी आलोय.

उलटं पण घडलंय. १९९० च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यापुरता पिचर हवा म्हणून लॅरी अँडरसन आणला आणि बॉस्टनमध्येच जन्मलेला जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. अँडरसन १५ मॅच खेळला. छान खेळला, डिव्हिजन जिंकली. बॅगवेलनं ४४९ होमरन मारले आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. तरी त्या ट्रेडला मी वेडेपणा म्हणत नाही, कारण थर्ड बेसला तेव्हा वेड बॉग्ज होता आणि अँडरसनला नेमकं काम होतं. किंमत फार मोठी पडली, एवढंच. २०२० मधला मूकी बेट्सचा मात्र वेगळा. २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, पैसे वाचवायला डॉजर्सना दिला, त्यानं तिकडं २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या, आणि तिन्ही वेळा त्याचा मॅनेजर कोण, तर आपला तोच डेव्ह रॉबर्ट्स. बेट्स गेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, पण तेव्हाही सगळे म्हणाले आता डेव्हर्स आहे ना. आता डेव्हर्स गेल्यावर म्हणतात अँथनी आहे ना. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो. उद्या अँथनीला कुणाच्या नावावर देणार?

आणि ज्या ब्रेगमनसाठी डेव्हर्सला थर्ड बेसवरून उठवलं, त्यानं सीझन संपल्यावर करारातून बाहेर पडायचा हक्क वापरला आणि २०२६ च्या जानेवारीत शिकागो कब्सशी करार केला. तेलही गेलं तूपही गेलं. त्याआधी डिसेंबरमध्ये सेंट लुईसकडून विल्सन कॉन्ट्रेरास आणला, फर्स्ट बेससाठी म्हणून, ते मात्र मला पटलं, कारण जागा ठरवून माणूस आणला. हेच मे महिन्यात कुणीतरी करायला हवं होतं.

बाबांना मी दर रविवारी फोनवर हे सगळं सांगते. ते तरुणपणी तालमीत जायचे. डेव्हर्सचं ऐकून ते म्हणाले, आमचे वस्ताद पैलवानाला समोर बसवून सांगायचे, बाबा रे, या मैदानाला तुझी जोड अमक्याशी लावलीय, किंवा या वेळी तुला लढवत नाही, वाईट वाटलं तर आत्ता माझ्यासमोर बोल. पोस्टर वाचून पैलवानाला कळायचं नाही. हार्दिकचं पण मला तेच वाटतं. वानखेडेवरच्या लोकांचा राग गुजरातहून माणूस आणला यावर नव्हता, तो तर आधी मुंबईचाच होता. पाच वेळा ट्रॉफी आणणाऱ्या रोहितला बाजूला केलं ते लोकांना कळेल असं कुणी सांगितलंच नाही, आणि तो सगळा राग हार्दिकच्या डोक्यावर फुटला, ज्याचा त्यात काही दोष नव्हता. ज्यांनी ठरवलं ते काचेमागं बसले होते. म्हणून त्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे की खेळाडूची हुर्यो उडवू नका आणि ट्रेडच्या नियमाला पण शिव्या देऊ नका, ज्यानं ट्रेड केला त्याला विचारा की आलेला माणूस कुठं खेळणार आहे आणि गेलेल्याला तुम्ही आधी काय सांगितलं होतं.

ट्रेडनंतर पाचच दिवसांनी आमची टीम सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला गेली. २१ जूनच्या मॅचला डेव्हर्सनं आमच्याच ब्रायन बेयोला होमरन मारला, अंगावर जायंट्सचा १६ नंबर, कारण ११ नंबर तिकडं जुन्या खेळाडूच्या सन्मानार्थ बाजूला ठेवलेला आहे. आम्ही २-३ हरलो. आणि २२ जुलैला तो तिकडं फर्स्ट बेसवर खेळायला उतरला. ती बातमी मी मुलाला सांगितली नाही, त्यानंच मला दाखवली, काही बोलला नाही.

२०२६ च्या जानेवारीतल्या एका रविवारी बाबांनी विचारलं, ब्रेगमन पण गेला म्हणतेस, मग आता थर्ड बेसला कोण उभा राहणार? मी त्यांना सांगितलं, बाबा, अजून ठरलेलं नाही.

आपली,
एक वाचक, श्रूझबरी, मॅसॅच्युसेट्स (मूळ सांगली)